तीर्थनच्या काठी गळ टाकण्याआधी : हिमाचलातील ट्राउट-सहलीची आखणी

तीर्थन खोऱ्यात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सहलीची आखणी अगदी उलट्या टोकाकडून केली होती. मुलांच्या शाळेला सुट्टी लागली, कचेरीतून रजा मंजूर झाली, विमानाची तिकिटे बेताच्या दरात मिळाली, आणि मे महिन्याच्या अखेरीस गुशैणी गावाच्या पुलावर उभे राहून खाली पाहिले तर नदी राखेत पाणी कालवल्यासारखी दिसत होती. वरच्या डोंगरांवरचे बर्फ वितळून ते सगळे पाणी एकदमच खाली उतरत होते. तीन दिवसांत एकही मासा गळाला लागला नाही; सात स्पिनर (पाण्यात गरगर फिरणारी धातूची आमिषे) मात्र दगडांच्या कपारींत अडकून कायमचे गेले. तेव्हापासून मी आखणीचा क्रम बदलला : आधी नदीचे वेळापत्रक, मग परवाना, त्यानंतर मुक्काम आणि सर्वांत शेवटी तिकिटे. पुढचा मजकूर साधारणपणे याच क्रमाने लिहिला आहे.

ज्यांनी पवना किंवा मुळशी धरणाच्या काठावर रॉड हाती धरला आहे, किंवा कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर वहाळाकाठी गरवायला बसण्याची ज्यांना लहानपणापासून सवय आहे, पण हिमालयातल्या नदीवर जे पहिल्यांदाच जाणार आहेत, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे. आपल्याकडे गरवणे म्हणजे एक जागा धरून, बोय (दोरीवरचा तरंगता गोळा) पाण्यात सोडून, तासन्‌तास वाट पाहणे असते. डोंगरी नदीत मात्र मासेमारी चालत करावी लागते. एका दगडावरून दुसऱ्यावर, एका डोहाकडून पुढच्या डोहाकडे असे दिवसभरात तीन-चार किलोमीटर सहज होतात, आणि तेही सपाटीवरचे नव्हेत. त्यामुळे निघण्यापूर्वी महिनाभर गुडघ्यांना थोडी सवय लावून घेतलेली बरी.

नदी कोणती घ्यावी

ट्राउट हा मूळचा भारतीय मासा नव्हे. इंग्रज अंमलदारांनी आपल्या मायदेशातल्या नद्यांची हौस भागवण्यासाठी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ब्राउन ट्राउटची अंडी जहाजाने काश्मीरमध्ये आणवली. पहिली खेप नासली आणि १९०० मध्ये आलेली दुसरी जगली. पुढे १९०९ मध्ये हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याने काश्मीरमधली अंडी कुल्लूत आणून कटराईंजवळ माहिली येथे उबवणी केंद्र सुरू केले आणि तिथून हा मासा बियासच्या उपनद्यांत पसरला. रेनबो ट्राउट ही दुसरी जात हिमाचलात मुख्यतः मत्स्यपालनाच्या टाक्यांत वाढवली जाते; नदीत आपली गाठ पडते ती बहुतेक वेळा ब्राउन ट्राउटशी. या माशाला १० ते १६ अंश सेल्सिअसच्या आसपासचे, प्राणवायूने भरलेले, वाहते पाणी लागते आणि तापमान विसाच्या वर गेले की तो बेजार होतो. आपल्या सह्याद्रीत खडस मासा सुखाने नांदतो. ट्राउट तिथे तग धरणार नाही. दक्षिणेत नीलगिरी आणि मुन्नारच्या उंच पठारांवर तो आढळतो, पण ती वेगळी सहल झाली.

हिमाचलात निवडीला वाव पुष्कळ आहे. मंडी जिल्ह्यात बरोटला उहल नदी आहे, शिमला जिल्ह्यात रोहडूच्या बाजूला पब्बर आहे, किन्नौरमध्ये सांगल्याची बास्पा आहे. बरोटला पाण्याचा मोठा भाग जोगिंदरनगरच्या शानन वीजगृहाकडे वळवलेला असल्यामुळे तिथे बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गळ टाकावा. बास्पाचे देखणेपण वादातीत आहे, पण तिथवर पोहोचण्यातच चार दिवसांच्या रजेतले दोन दिवस खर्ची पडतात. काश्मीरमध्ये लिद्दरसारख्या नद्यांचे ठरावीक टप्पे पाडलेले असून एकेका टप्प्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. शिवाय तिथला हंगाम एप्रिल ते सप्टेंबर एवढाच असतो.

पहिल्या सहलीसाठी मी तीर्थनच सुचवीन. कुल्लू जिल्ह्यातल्या बंजार तालुक्यात ही नदी ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात उगम पावते, गुशैणीला तिला फलाचन नावाचा मोठा ओढा मिळतो आणि बंजारच्या खालून वाहत ती लारजीजवळ बियासच्या पाण्याला मिळते. या वाटेवर तिच्यावर मोठे धरण नाही. माजी आमदार दिलेराम शबाब यांच्या पुढाकाराने खोऱ्यातल्या लोकांनी जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध दीर्घ लढा दिला, आणि आज नदी मोकळी वाहते ती त्यामुळेच. गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की वरून अचानक पाणी सोडले जाण्याची धास्ती इथे नसते, आणि पाण्याची पातळी बदलते ती केवळ ऊन, बर्फ आणि पाऊस यांच्यामुळे, म्हणजे आभाळाकडे पाहून तिचा अंदाज बांधता येतो.

एका सहलीत एकच नदी घ्यावी. तीर्थन, सैंज आणि बरोट अशी तीन ठिकाणे पाच दिवसांत उरकणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांच्या मोबाइलमध्ये फोटोही पुष्कळ असतात. मात्र एकाही डोहाचा स्वभाव त्यांना कळलेला नसतो. त्याच डोहावर दुसऱ्या दिवशी परत गेल्यावर कोणत्या खडकाच्या मागे पाणी थबकते, सावली केव्हा सरकते आणि आपले पाऊल कुठे घसरले होते, हे सगळे आधीच ठाऊक असते.

केव्हा जावे

हिमाचलातल्या ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते, कारण हा त्यांच्या विणीचा काळ आहे. ब्राउन ट्राउटची मादी थंडीत नदीच्या तळाच्या बारीक खडीत शेपटीने खळगा करून अंडी घालते, आणि त्या खडीवर पाय पडला तरी ती चिरडतात. उरलेले आठ महिने कायद्याने मोकळे असले तरी त्यातले निम्मेच कामाचे असतात.

मार्च आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पाणी कमी, नितळ आणि बोचरे थंड असते. हिवाळ्यानंतर मासा भुकेला असतो, पण थंडीमुळे सकाळी तो जागचा हलत नाही; या दिवसांत पहाटे उठून उपयोग नाही, दहा ते चार ही ऐन उन्हाची वेळ गाठावी. एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनपर्यंत बर्फाचे पाणी उतरू लागते. या काळात जायचेच असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी : दिवसभराच्या उन्हाने वर वितळलेले पाणी खाली पोहोचायला काही तास घेते, म्हणून नदी दुपारनंतर चढते आणि पहाटे सर्वांत खाली व सर्वांत स्वच्छ असते. मी त्या पहिल्या सहलीत रोज निवांत न्याहारी करून अकरा वाजता काठावर जात होतो, म्हणजे दिवसातले चांगले पाणी वाहून गेल्यावर.

जुलै आणि ऑगस्ट पूर्णपणे वगळावेत. जुलै २०२३ मध्ये बियासच्या खोऱ्यात आलेल्या पुराने रस्ते, पूल आणि घरे वाहून नेली, तेव्हा पावसाळ्यातल्या हिमालयी नदीची ताकद साऱ्या देशाने पाहिली. मासा मिळणे न मिळणे बाजूलाच राहो, त्या दोन महिन्यांत नदीपात्रात उतरणेच चुकीचे आहे.

माझ्या मते सर्वांत उत्तम काळ म्हणजे सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबरची अखेर. पाऊस संपलेला असतो, पाणी उतरून हिरवट काचेसारखे झालेले असते, उन्हाळ्यात खाऊन मासे अंगाने भरलेले असतात, आणि विणीआधीची त्यांची खा-खा चालू असते. मराठी घरांत या सुमारास नवरात्र आणि दसरा असतो, तेव्हा रजेचे गणित घरच्यांशी आधीच बोलून ठेवावे. कुल्लूचा प्रसिद्ध दसरा विजयादशमीला सुरू होऊन आठवडाभर चालतो, त्यामुळे त्या दिवसांत कुल्लूकडच्या बसगाड्या आणि मुक्कामाच्या जागा भरलेल्या असतात. बंजार खोऱ्यातल्या खोल्यांवरही त्याचा ताण येतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या दहा दिवसांत अंगावर पिवळसर तांबूस झाक आलेले, अंड्यांनी पोट फुगलेले मासे मिळू लागतात. नियमाने ते पकडता येतात, तरी मी त्या दिवसांत एकही मासा ठेवून घेत नाही.

परवाना आणि मर्यादा

नदीवर गळ टाकण्यासाठी हिमाचल प्रदेशाच्या मत्स्यविभागाचा परवाना लागतो. तो माणशी आणि दिवसाच्या हिशेबाने मिळतो, आणि प्रवासखर्चाच्या तुलनेत त्याचे शुल्क नगण्य असते. मुक्कामाचे यजमान परवाना काढून देण्यास मदत करतात, तरी तो आपल्या नावाचा आहे, तारखा बरोबर आहेत आणि त्यावर नदीचा कोणता भाग लिहिला आहे, हे स्वतः वाचून पाहावे. दिवसाला किती मासे ठेवता येतील आणि किती लांबीच्या आतला मासा सोडलाच पाहिजे, या दोन मर्यादा परवाना घेतानाच विचारून वहीत लिहून घ्याव्यात. मी रॉडच्या मुठीपासून त्या लांबीवर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवतो, म्हणजे मासा पाण्यातच रॉडशेजारी धरून मापता येतो. जाळे, विष, सुरुंग आणि विजेचा झटका यांनी मासे मारणे हा गुन्हा आहे, हे वेगळे सांगायला नको. असे काही दिसले तर वाद घालू नये, गावात येऊन सांगावे.

राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकता येत नाही. हे उद्यान २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत आहे, आणि आत नुसते फिरायला जाण्यासाठीसुद्धा वनखात्याची वेगळी परवानगी घ्यावी लागते. साई रोपा येथे वनखात्याचे माहिती केंद्र आहे. तिथे हद्द कुठून सुरू होते ते नकाशावर दाखवून घ्यावे.

कायद्याच्या पुस्तकात नसलेली एक मर्यादा आहे ती देवाची. महाडजवळ वाळण कोंडीतल्या माशांना आपल्याकडे कोणी हात लावत नाही. तसेच डोह हिमाचलातही आहेत. जोगिंदरनगरजवळच्या मच्छियालमध्ये देवाचे मानलेले महसीर मासे लोक पिठाच्या गोळ्या घालून पोसतात. बंजार खोऱ्यात तर गावागावाचा देवता आहे आणि त्याचा शब्द अखेरचा मानला जातो. काठावर लहानसे देऊळ, लाल-पिवळ्या चिंध्या बांधलेले झाड किंवा दगडांवर वाहिलेली फुले दिसली, तर तो डोह सोडून पुढे जावे, आणि शंका असेल तिथे गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला विचारून मगच रॉड उघडावा.

पोहोचणे आणि राहणे

पुण्या-मुंबईहून विमानाने चंदीगड गाठावे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना मडगावहून थेट चंदीगडला जाणारी गोवा संपर्क क्रांती सोयीची पडते. चंदीगडहून मनालीकडे जाणारी बस पकडून मंडी आणि पंडोहमार्गे औटला उतरावे. औटचा लांब बोगदा सुरू होण्यापूर्वीच लारजी-बंजारकडचा रस्ता फुटतो. रात्रीच्या बसने जाणाऱ्यांनी वाहकाला दोनदा बजावून ठेवावे, कारण बोगदा ओलांडून पहाटे चार वाजता पलीकडच्या काठावर सामानासह उभे राहण्याचा अनुभव मी घेतलेला आहे. औटहून बंजार सुमारे २५ किलोमीटर आणि तिथून गुशैणी आणखी दहा. बंजारपुढे गाड्या कमी होतात, म्हणून दिवसाउजेडी पोहोचेल असेच नियोजन करावे आणि रोख रक्कम बंजारलाच काढून घ्यावी.

मुक्काम नागनी ते गुशैणी या पट्ट्यात, नदीपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी घ्यावा. जिभीला खोल्या जास्त आहेत आणि चहाची दुकानेही जास्त आहेत, पण ते दुसऱ्या खोऱ्यात आहे आणि तिथून रोज ये-जा करण्यात सकाळचा चांगला वेळ जातो. घरगुती मुक्कामात एक विचारणा आधीच करावी : आणलेला मासा स्वयंपाकघरात चालेल का? काही घरांत देवकार्याच्या दिवसांत चालत नाही. खोऱ्यात ट्राउट पाळणारे शेतकरी आहेत, त्यामुळे मासा खाण्याची हौस त्यांच्याकडून आणलेल्या रेनबोवर भागते, आणि नदीतल्या माशावर घरच्या जेवणाचा भार पडत नाही.

पिशवीत काय असावे

साहित्याच्या बाबतीत आपल्याकडचा गरवणारा हमखास जड बाजूला झुकतो. धरणावरच्या कटल्यासाठी घेतलेला दणकट रॉड इथे निरुपयोगी आहे. साडेसहा फुटांच्या आसपासचा हलका स्पिनिंग रॉड, शक्यतो तीन-चार तुकड्यांत मोडणारा, त्यावर लहान रील, आणि सहा पौंडी तंगूसची लाइन एवढे पुरते. फ्लाय-फिशिंग (हलकी कृत्रिम माशी फेकून मासा धरणे) येत असेल तर नऊ फुटी, चार किंवा पाच क्रमांकाचा रॉड न्यावा. येत नसेल तर ते शिकण्यासाठी ही सहल वापरू नये. चार दिवसांत तुमची दोरी झाडांतच जास्त राहील.

आमिष म्हणून तीन ते सात ग्रॅमचे स्पिनर आणि लहान स्पून (चमच्याच्या आकाराची आमिषे) न्यावेत, त्यांत रुपेरी, पितळी आणि काळा हे तीन रंग असावेत. नितळ पाण्यात आणि उन्हात काळा किंवा पितळी, तर ढगाळ हवेत रुपेरी, असा माझा अनुभव आहे, पण माशाने तो कधी लेखी कबूल केलेला नाही. तळाशी दगडच दगड असल्याने दिवसाला तीन-चार स्पिनर जाणार हे गृहीत धरून संख्या ठरवावी. तीन टोकांचा गळ काढून त्या जागी एकेरी गळ लावावा, आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. काटा दाबल्याने मासे सुटतात ही भीती फारशी खरी नाही. दोरी ताणलेली ठेवली तर सुटत नाहीत. उलट तोच गळ स्वतःच्या अंगठ्यात रुतला की दाबलेल्या काट्याचे मोल समजते. बंजारच्या दवाखान्यापर्यंत जावे लागत नाही.

गाठीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मासा तुटतो तो बहुतेक वेळा गाठीपाशीच. दोरीचे टोक गळाच्या नेढ्यातून वीतभर बाहेर काढावे आणि मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे द्यावेत. मग ते टोक नेढ्याजवळ तयार झालेल्या पहिल्या लहान फटीतून आणि त्यानंतर तयार झालेल्या मोठ्या फासातून परत ओवावे. आता गाठ तोंडात धरून थुंकीने ओली करावी आणि अगदी सावकाश आवळावी. कोरडी गाठ झटक्याने ओढली तर तंगूस घासून तापतो आणि वेढ्यांपाशी पांढरट होतो. असा पांढरा पट्टा दिसला की गाठ कापून पुन्हा बांधावी. थंडीने बोटे बधिर झाली की हे काम होत नाही, म्हणून दोन-चार दोऱ्या रात्रीच शेगडीपाशी बसून बांधून ठेवाव्यात. ही गाठ मी घरी टीव्हीसमोर बसून पन्नासेक वेळा घातली, तेव्हा कुठे ती काठावर न पाहता जमू लागली.

याखेरीज हाताची जाळी, पाण्याची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा, लांब टोकाची पक्कड, टोपी, आणि खाकी किंवा मळखाऊ हिरव्या रंगाचे कपडे असावेत. बुटांवर काटकसर करू नये. गुळगुळीत रबरी तळव्याचे बूट शेवाळलेल्या दगडावर साबणासारखे घसरतात. छातीइतकी उंच वेडरची (पाणी आत न शिरणारी) विजार पहिल्या सहलीला अनावश्यक आहे, ती घातली की माणूस नको तितक्या खोल पाण्यात उतरतो. विमानाने जाताना गळ, पक्कड आणि सुरी चेक-इन सामानातच टाकावी. हातातल्या पिशवीतली माझी आवडती पक्कड एकदा विमानतळावर कायमची राहिली.

काठावरचा दिवस

नदीकडे पाहून ताबडतोब दोरी टाकण्याचा मोह आवरावा आणि पाच मिनिटे लांब उभे राहून पाणी वाचावे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण खाणे वरून वाहत येते, आणि ताकद वाचवण्यासाठी तो मुख्य धारेच्या मध्यावर राहत नाही. मोठ्या खडकाच्या पुढ्यात पाण्याची जी लहानशी उशी तयार होते ती, खडकामागची शांत खोबण, वेगवान धार आणि संथ पाणी यांच्यामधली शिवण, आणि धबधब्याच्या फेसाची शेपटी जिथे विरते ती जागा, ही त्याची घरे. माशाचे तोंड वरच्या अंगाला असते, म्हणून आपण खालच्या अंगाकडून वर सरकत जावे. वाकून चालावे, सावली पाण्यावर पडू देऊ नये, आणि दगड एकमेकांवर आपटू देऊ नयेत. पावलांचा हादरा पाण्यातून माशापर्यंत पोहोचतो. एका खोबणीत तीन-चार फेकींत काही झाले नाही तर पुढे जावे.

नागनीच्या वरच्या अंगाला एक घरभर उंचीचा काळा खडक आहे. ऑक्टोबरमधल्या एका दुपारी त्याच्या मागच्या खोबणीच्या थोडे वर मी पितळी स्पिनर टाकला आणि तो प्रवाहाच्या वेगापेक्षा किंचित जास्त वेगाने परत ओढत आणला. स्पिनर खडकाच्या कडेशी आला तेव्हा खालून एक तपकिरी सावली तिरकी वर आली, वळली, आणि त्याच क्षणी रॉडचे टोक वाकले. डोंगरी नदीतला मासा ओढण्यापेक्षा प्रवाहाची ताकद वापरण्यात पटाईत असतो. तो खालच्या अंगाला धावला की दोरी पाण्याचे वजनही उचलते. अशा वेळी रॉड आडवा धरून त्याला कडेच्या संथ पाण्याकडे वळवावे आणि रीलचा ब्रेक थोडा सैल ठेवून ढील द्यावी. जाळीत आलेला तो मासा फार तर माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांबीचा होता. पाठ ऑलिव्ह रंगाची, पोटाकडे लोणकढ्या तुपासारखा पिवळेपणा, आणि बाजूवर कुंकवाच्या टिकल्यांसारखे तांबडे ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट निळसर कडे.

मासा हाताळण्यापूर्वी हात नदीत बुडवून ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. गळ काढेपर्यंत जाळी पाण्यातच असावी. फोटो हवा असेल तर मोबाइल सोबत्याकडे आधीच तयार ठेवावा, आणि आपण स्वतः श्वास रोखून जेवढा वेळ आरामात राहू शकतो तेवढाच वेळ माशाला पाण्याबाहेर ठेवावे. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे करून पोटाखाली सैल हात ठेवावा. कल्ले नीट उघडझाप करू लागले की तो आपणच निसटतो.

इथे एक विसंगती कबूल केली पाहिजे. आपण इतक्या जिवापाड जपतो तो मासा परका आहे, आणि त्याच्यामुळे या नद्यांतल्या मूळच्या ‘असला’ या माशावर, म्हणजे स्थानिक हिमट्राउटवर, संकट आले आहे. दोघेही एकाच पाण्यात राहतात आणि ब्राउन ट्राउट लहान मासे खातो. म्हणून ठेवायचाच तर नियमात बसणारा एखादा ब्राउन ठेवावा, पण तोंड खालच्या बाजूला असलेला, बारीक खवल्यांचा, रुपेरी-करडा ‘असला’ मासा गळाला लागला तर तो न चुकता सोडावा.

पाण्याशी सलगी नको

गुडघ्याच्या वर पाण्यात उतरू नये. वेगवान धारेत गुडघाभर पाणीसुद्धा धडधाकट माणसाला आडवे करते, आणि बर्फाच्या पाण्यात पोहता येणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत आखडतात. नदी ओलांडायचीच असेल तर पूल शोधावा. काठावर हातात मजबूत काठी असावी, आणि एकट्याने जायची वेळ आली तर नदीच्या कोणत्या भागात आहोत व केव्हा परतणार हे यजमानाला सांगून निघावे, कारण खोऱ्याच्या अनेक वळणांवर मोबाइलला रेंज नसते. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणे, पाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागणे, किंवा नदीचा आवाज जाडसर होणे यांपैकी काहीही जाणवले तर गळ अडकला असला तरी दोरी तोडून वर चढावे. आपल्या डोक्यावर निळे आकाश असतानाही वर कुठेतरी ढगफुटी झालेली असू शकते.

तीर्थनवर धरण नाही म्हणून बेफिकीर झालेली माणसे परतीच्या वाटेवर लारजीच्या खाली बियासमध्ये सहज उतरतात, तिथे विशेष सावध राहावे. ८ जून २०१४ रोजी थलौटजवळ नदीपात्रातल्या दगडांवर फोटो काढत असलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले होते. त्या जागी कोरडे दिसणारे खडकही पात्रच आहेत. धरणाखालच्या कोणत्याही नदीत, मग ती हिमालयातली असो वा कोयना, परवाना असला तरी पात्राच्या मध्यावर जाऊ नये.

दिवसांची मांडणी

पाच दिवसांच्या रजेत एक जाण्याचा, एक येण्याचा, आणि मधले तीन काठावरचे, असे गणित कागदावर जुळते. प्रत्यक्षात मात्र दोनच दिवस मासेमारीचे धरावेत. पंडोह ते औट या टप्प्यात दरड कोसळून रस्ता अडणे ही पावसाळ्यानंतरही नेहमीची बाब आहे आणि चंदीगडचे विमान दरडीसाठी थांबत नाही. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचल्यावर रॉड न उघडता फक्त नदीकाठाने चालून यावे, कोणते डोह कोणत्या वेळी उन्हात असतात ते वहीत टिपावे आणि परवान्याचे काम उरकावे. दुसऱ्या दिवशी गुशैणीच्या खालचा पट्टा आणि तिसऱ्या दिवशी त्याच पट्ट्यातल्या उत्तम वाटलेल्या चार-पाच जागा, त्यांच्या त्यांच्या वेळेनुसार. चौथा दिवस राखीव ठेवून दुपारपर्यंत खोरे सोडावे आणि मुक्काम मंडीला करावा.

निघण्याच्या सकाळी बुटांचे तळवे आणि जाळी घासून धुवावी व उन्हात पूर्ण वाळवावी, कारण एका नदीतले शेवाळ आणि रोग ओल्या बुटांतून दुसऱ्या नदीत जातात. ऑक्टोबरमध्ये गुशैणीच्या अंगणात ऊन सुमारे नऊ वाजता उतरते. बूट वाळायला दोन तास लागतात, बंजारकडची बस त्यानंतरचीच धरावी.